रतामाच्या झुडपाखालील शुश्रूषा

शास्त्रपाठ : १ राजे १९:१–८

एलीया संदेष्ट्याचा हा वृत्तांत आमच्या मंडळ्यांत बहुधा होरेबावरील मंद वाणीसाठी वाचला जातो. तेथे पोहोचण्याच्या घाईत पहिली आठ वचने भरभर मागे पडतात. ह्या आठवड्यात वाचकांनी तेथेच थांबावे अशी विनंती आहे. कारण आजाऱ्याजवळ कसे वागावे ह्याचा इतका चांगला धडा शास्त्रात क्वचितच सापडेल.

ईजबेलीच्या धमकीने भ्यालेला एलीया आपल्या चाकरास बैर-शेबा येथे सोडतो, एक दिवसाची वाट रानात चालतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. मग त्यास झोप लागते. देवदूत काय करतो ते क्रमाने पाहा. तो त्यास दोष देत नाही. कर्मेलावरचा तुझा विश्वास कोठे गेला, असेही विचारीत नाही. तो प्रथम स्पर्श करतो आणि उठून खाण्यास सांगतो. भाकर निखाऱ्यांवर भाजलेली, आणि पाणी उशाशी, म्हणजे हात पोहोचेल तेथे. एलीया खातो, पितो व पुन्हा निजतो. देवदूत त्यास निजू देतो. दुसऱ्या खेपेस पुन्हा स्पर्श व पुन्हा अन्न. होरेबावरील संभाषण पुढे चाळीस दिवसांनी होते.

आमच्या हातून हा क्रम उलटा होतो. काही वर्षांपूर्वी अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावरील एका गावी, जबड्याचा कर्करोग झालेल्या एका वृद्ध भगिनीस मुंबईहून घरी आणले होते. ती जन्मभर मिशेरी लावीत असे. रविवारची उपासना आटोपताच आम्ही पंधरा-वीस जण तिच्या ओटीवर गेलो, तीन गीते गाइली आणि आमची स्वतःची प्रार्थना बरीच लांबली. निघताना तिच्या सुनेने दारात हळूच सांगितले की, दोन रात्रींच्या जागरणानंतर त्या सकाळीच सासूबाईंचा डोळा लागला होता. तिने ते तक्रार म्हणून सांगितले नाही. म्हणूनच आम्हांस अधिक लागले. तेव्हापासून दोघांहून अधिक जणांनी आत जायचे नाही, आणि रोगी निजला असेल तर ओटीवर मनातच प्रार्थना करून परतायचे, असे आम्ही ठरविले. ईयोबाचे मित्र सात दिवस न बोलता बसले. त्यांची शुश्रूषा तेवढेच दिवस चांगली झाली.

अन्नाविषयी आमच्या किनाऱ्यावरील घरांस फार शिकवावे लागत नाही. तांदळाची पेज, नाचणीची आंबील, मऊ भात, मूगडाळीचे पाणी ही सर्व रोग्याची अन्ने होत. मात्र ताट भरून पुढे ठेवले की अशक्त माणसाची भूक पळते. दर दोन तासांनी वाटीभर द्यावे. पाठीस उशी देऊन बसवून भरवावे, निजलेल्याच्या मुखात काही ओतू नये. जुलाब होत असता पाणी तोडण्याची चाल घातक आहे. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजावे. शहाळे उत्तम, पण मूत्रपिंडाच्या रोग्यास डॉक्टरांस विचारल्यावाचून नको. अखेरच्या दिवसांत मनुष्य जेवण नाकारतो तेव्हा त्याच्याशी झगडू नये. ओठ व जीभ ओल्या फडक्याने पुसणे हेच तेव्हा त्याचे जेवण.

खिळून पडलेल्याची कूस दर दोन तासांनी पालटावी, रात्रीही. आमच्याकडील दमट हवेत घामाने अंथरूण भिजते, गोधडीची सुरकुती कातडीत रुतते, आणि माकडहाड, खुबे व टाचा येथे लाली येते. ती लाली चोळू नये. त्या जागेवरचा भार काढावा. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहतील असे करावे.

आता ज्यासाठी मुख्यतः हा पाठ लिहिला तिकडे वळू. वर सांगितलेली भगिनी वेदनेची गोळी घेत नसे. वधस्तंभी प्रभूने गंधरस मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही (मार्क १५:२३), मग आपण गोळी का घ्यावी, असे तिला कोणी सांगितले होते. आणि तो कोणी मंडळीबाहेरचा नव्हता. प्रभूने तो स्वतःसाठी नाकारला. दुसऱ्या कोणा दुःखिताचा उतारा त्याने हिरावून घेतला, असे एकही उदाहरण शुभवर्तमानांत नाही. याईराच्या कन्येस उठविल्यावर तिला खावयास द्या असे सांगण्याचे तो विसरला नाही. आणि त्याच्या दाखल्यातील शोमरोनी जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, जखमी मनुष्याच्या सोशिकतेची परीक्षा पाहत नाही. हे आम्ही तिला फार उशिरा सांगितले. तिने गोळी घेतली ती शेवटचे अकरा दिवस, आणि त्या दिवसांत ती नातवंडांशी बोलली.

लंडन येथील डॉ. सिसिली सॉण्डर्स प्रथम परिचारिका होत्या व ख्रिस्ती विश्वासाने ह्या कामी लागल्या. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हे मरणासन्नांचे शुश्रूषागृह उघडले. वेदना उसळेपर्यंत थांबू नये, घड्याळ पाहून औषध द्यावे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे रुग्णालयांस कठीण झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ते काहीसे सोपे झाले. तरी ही गोळी प्रत्येक दुकानी मिळत नाही. १९४१ साली परळ येथे उघडलेल्या टाटा रुग्णालयात आमच्या किनाऱ्यावरील पुष्कळ रोगी जातात. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेस जाणाऱ्या लाँचा बंद असतात. म्हणून आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या असतानाच माणूस पाठवावा.

ह्या गोळीने शौचास खडा होतो, त्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वेदनेसाठी घेतल्यास व्यसन लागण्याची भीती थोडी. मात्रा आपल्या मनाने वाढवू नये, एकाएकी बंदही करू नये. रोगी हाक मारूनही जागा होईना, किंवा श्वास फार मंद झाला, तर लागलेच डॉक्टरांस बोलवावे. गोळ्या कुलुपात ठेवाव्यात, व दुसऱ्या कोणासही देऊ नयेत. सुवार्तिक बंधूंनी रोग्याच्या घरी गेल्यावर दुखते का, कोठे दुखते, रात्री झोप लागली का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत आणि रोगी सांगेल ते खरे मानावे. शास्त्र त्यानंतर उघडावे.

पुढील पाठासाठी २ राजे २०:१–७ वाचून यावे. हिज्कियाच्या गळवावर अंजिरे बांधावयास सांगणारा यशयाच होता, ह्याकडे लक्ष असू द्यावे.