डॅशबोर्डला हात लावण्याआधी

बाळ, तू एमजीबी घेतलीस, तीही १९६२ ते १९६७ मधली, काळ्या पत्र्याच्या डॅशबोर्डची, म्हणून हे सविस्तर लिहून देतोय. ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. त्यामुळे तिचे सुटे भाग इथे इंग्लंडात आजही नवे मिळतात. मिळतात म्हणूनच लोक मूळचे भाग सहज टाकून देतात. ज्या इंग्रज मिस्त्रींच्या हाताखाली मी हे काम शिकलो, त्यांचा नेम पक्का होता: आहे ते आधी वाचव, वाचत नसेल तर दुरुस्त कर, दुरुस्तही होत नसेल तरच बदल. पुढचं सगळं या नेमातूनच आलंय.

खोलण्याआधी नोंद कर. डॅशबोर्ड जागेवर असतानाच समोरून, खालून, बाजूने भरपूर फोटो काढ. किल्ली फिरवून कोणता काटा हलतो, कोणता दिवा लागतो, कोणता स्विच अडकतो ते वहीत लिही. चालू असलेली गोष्ट उगाच उघडू नकोस. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांध आणि ती कुठून निघाली ते चिठ्ठीवर लिही. प्रत्येक मीटरचे नट-स्क्रू वेगळ्या डबीत ठेव. सगळे एका वाटीत टाकलेस, तर परत बसवताना कुठला स्क्रू कुठला हे शोधण्यातच तुझे दिवस जातील.

मग बॅटरीची जोडणी सोड. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, फळीखाली असतात आणि या काळातल्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजच्या गाड्यांच्या हे बरोबर उलट आहे. साठ वर्षांत कुणी ते फिरवलेलं असू शकतं, म्हणून समजून चालू नकोस, व्होल्टमीटर लावून बघ. रेव्हकाउंटरच्या मागे पांढऱ्या वायरचा वेढा दिसला, तर तो मीटर त्या वायरीतल्या विजेवरून इंजिनाचे फेरे मोजतो. त्याला धन-ऋण बाजू ठरलेली असते आणि वेढ्याची दिशाही ठरलेली असते. वेढा सोडण्याआधी त्याचा जवळून फोटो घे.

वायरींचे रंग पाठ कर. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट आलेली, कायम जिवंत. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून आलेली. लाल साइड लाइटची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली. दोन रंगांची असेल तर मुख्य रंग कुळ सांगतो आणि बारीक पट्टा घर सांगतो. हिरव्यावर काळा पट्टा म्हणजे पेट्रोलच्या काट्याची, लालवर पांढरा पट्टा म्हणजे मीटरच्या दिव्यांची. मध्येच या पद्धतीत न बसणारा रंग दिसला, तर तो आधीच्या कुणा मालकाने घातलेला तुकडा असू शकतो. तो कुठून कुठे जातो ते पुरतं कळल्याशिवाय कापू नकोस.

मीटर काढताना सर्वात जास्त जप तापमानाच्या नळीला. तुझ्या गाडीत ऑइलचा दाब आणि पाण्याचं तापमान एकाच मीटरमध्ये आहे. तापमानाच्या भागातून निघालेली बारीक धातूची नळी थेट इंजिनाच्या हेडपर्यंत जाते आणि ती मीटरपासून वेगळी होत नाही. तिच्यात ईथर भरलेला असतो. नळी चिरली की ईथर उडून जातो आणि काटा कायमचा झोपतो. हेडमधला नट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजव. नट फिरव, पण त्याच्याबरोबर नळी पिळली जाऊ देऊ नकोस. नळीला मधे वेटोळं घातलेलं असतं ते इंजिनाची थरथर झेलण्यासाठी. परत बसवताना ते सरळ करून टाकू नकोस. काटा शाबूत आहे का हे बघायचं, तर नळीचं टोक उकळत्या पाण्यात धर. समुद्रसपाटीजवळ पाणी २१२ अंश फॅरेनहाइटला उकळतं, काटा तिथवर पोचायला हवा. ईथर चटकन पेटतो, तेव्हा ही तपासणी विजेच्या शेगडीवर कर, उघड्या ज्योतीवर नको.

ऑइलच्या नळीचा जोड सोडताना दोन पाने लाव: एकाने मीटरचं टोक धर, दुसऱ्याने नट फिरव. एकाच पान्याने जोर केलास तर आतली पितळी नळी पिरगळते. त्या जोडात चामड्याचा छोटा वॉशर असतो. तो बहुधा काढताना तिथेच चिकटून राहतो किंवा खाली पडून हरवतो. नवा घाल, विसरलास तर गरम तेल तुझ्या पायावर येईल.

डायल पुसू नकोस. मीटरच्या तोंडाची रिंग फिरवून खाचा जुळवल्या की ती सुटते. जोर लागला तर कडेला थेंबभर तेल सोड आणि थांब. आतल्या काळ्या डायलवरचे आकडे छापलेले असतात, स्पिरिटचा बोळा फिरवला की निघून येतात. मऊ ब्रशने धूळ झटक, तेवढं पुरे. काच मात्र साबणाच्या पाण्याने धू आणि तिची रबरी रिंग कडक झाली असेल तर नवी घाल. काटा ओढून काढायचा मोह टाळ. मीटरच्या डब्याची आतली बाजू काळवंडली असेल तर पांढरा रंग दे, म्हणजे त्याच जुन्या बल्बचा उजेड डायलवर नीट पसरेल. मैलांचा आकडा आहे तसाच राहू दे. कधी स्पीडोमीटर बदलावाच लागला, तर जुना आणि नवा आकडा तारखेसह वहीत लिही.

स्पीडोमीटर बदलण्याची वेळ आली तर डायलवरचा बारीक आकडा वाच. गाडी एक मैल गेली की केबल किती वेळा फिरायला हवी, ते तो सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेव, टायरमध्ये हवा बरोबर भर. केबलच्या आतल्या तारेला पुठ्ठ्याचा बाण चिकटव आणि गाडी सरळ रेषेत ५२ फूट साडेनऊ इंच ढकल. हा मैलाचा शंभरावा भाग. बाण जितके फेरे घेईल त्यांना शंभराने गुण. डायलवर १२८० असेल तर जवळजवळ पावणेतेरा फेरे यायला हवेत. फरक मोठा असेल, तर तो मीटर या गाडीचा नाही किंवा मागचं गिअरिंग कुणीतरी बदललंय. केबलला ग्रीस अगदी पातळ लाव आणि मीटरकडचं वीतभर टोक कोरडं ठेव. ग्रीस तारेबरोबर वर चढतं आणि मीटरमध्ये शिरून काटा बिघडवतं. केबलला तीव्र वळण दिलंस तर काटा थरथरतो.

आता पत्रा. रेडिओ, जादा स्विच, घड्याळ यांच्यासाठी पाडलेली भोकं बहुतेक डॅशबोर्डांत सापडतात. त्यांत नुसती पुट्टी भरू नकोस, ती एक दिवस गळून पडते. मागे तांब्याचा तुकडा धरून थोड्या थोड्या वेळाने टाके मारत वेल्डिंग करून घे, सलग केलं तर पातळ पत्रा वाकतो. पत्रा पूर्ण थंड झाल्यावरच घास.

मूळचा रंग सुरकुत्यांचा आहे आणि तो साध्या काळ्या रंगाने येत नाही. या रंगाचा वरचा थर लवकर सुकतो, खालचा मऊ राहतो, आणि दुधावरच्या सायीसारखा वरचा थर आकसून सुरकुततो. म्हणून थर जाड हवेत: एक आडवा, एक उभा, एक तिरपा, मधे काही मिनिटांचं अंतर. मग पत्र्याला सगळीकडून सारखी ऊब दे. थर पातळ पडला तर सुरकुत्या येत नाहीत, ऊब कमी-जास्त झाली तर एका कोपऱ्यात मोठ्या आणि दुसऱ्यात बारीक येतात. आधी भंगार पत्र्यावर हात बसव. तुझ्या डॅशबोर्डचा जुना रंग दोन-चार ठिकाणीच खरचटला असेल, तर तो उतरवूच नकोस. साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशने सुरकुत्यांतली धूळ काढ आणि खरचटलेल्या जागा तेवढ्या भर. कारखान्यात चढलेला रंग एकदा उतरवला की तो पुन्हा कधीच येत नाही.

नवा रंग दिलास तर अर्थ आठव. मीटरच्या मागच्या पट्ट्यांना काळ्या वायरींची साखळी जोडलेली असते. तिचा एक जोड जरी रंगावर किंवा गंजावर बसला तरी दिवे मंद होतात आणि काटे खोटं बोलतात. प्रत्येक जोडाची जागा चकचकीत कर. पेट्रोलचा काटा हळूहळू चढणारा असेल, तर त्याला सरासरी दहा व्होल्ट पुरवणारी स्टॅबिलायझरची छोटी डबी शोध. तिचा अर्थ तुटला की काटा वाजवीपेक्षा जास्त पेट्रोल दाखवतो. टाकी भरलेली आहे असं समजून माणूस निघतो आणि रस्त्यात अडकतो. नवा मीटर विकत घेण्याआधी ही डबी आणि तिचा स्क्रू तपास.

बसवण्याआधी सगळं बाहेरच जोडून बघ. डॅशबोर्डच्या वरच्या कडेचे नट खालून हात घालून, न बघता लावावे लागतात. एक दिवा राहिला म्हणून ते परत सोडायचं काम फार कष्टाचं आहे. किल्ली फिरव, प्रत्येक स्विच दाब, खोलण्याआधी केलेल्या नोंदीशी ताडून बघ. मगच नट आवळ.

जे काढलंस ते फेकू नकोस. जुना वॉशर, तुटलेला स्विच, फाटलेली वायर, सगळं चिठ्ठी लावून पेटीत ठेव आणि तुझी वही तिच्यातच ठेव. मूळचा नमुना हातात असला की पुढे चुकीचा भाग बसत नाही. गाडी तू विकलीस किंवा मुलाला दिलीस, तर किल्लीबरोबर ती पेटीही दे.