फटफटी रुसली तर काय पाहाल?

सकाळची कामावर जायची वेळ झाली आहे, वडील किंवा काका मोटारसायकलला किकवर किक मारत आहेत, घाम फुटला आहे, पण इंजिन ‘फट’ म्हणून एकदाही बोलत नाही, असे दृश्य तुम्ही कधी ना कधी पाहिलेच असेल. अशा वेळी जमलेल्यांपैकी प्रत्येकाजवळ एक सल्ला असतो. कोणी म्हणतो प्लग पुसा, कोणी म्हणतो धक्का मारा. सल्ले खोटे नसतात. त्यांना क्रम नसतो, एवढेच. तो क्रम आपण इंजिनाकडूनच शिकून घेऊ.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. तिन्ही असतील तर इंजिन सुरू झालेच पाहिजे. एक जरी नसेल तर कितीही किका मारा, उपयोग नाही. म्हणून ‘काय बिघडले?’ असे न विचारता ‘तिघांपैकी कोण गैरहजर आहे?’ असे विचारावे.

उदाहरणासाठी १९८५ साली भारतात आलेली हीरो होंडा सीडी १०० ही गाडी घेऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल ४९.५ मिलिमीटर. गणित करून पाहा, घनफळ ९७.२ घन सेंटिमीटर येते. एवढी हवा म्हणजे फार तर ०.११ ग्रॅम. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे एका स्फोटाला पेट्रोल किती? जेमतेम ८ मिलिग्रॅम! औषधाच्या नळीतून पडणारा एक थेंब दोन स्फोटांना पुरेल. आता तुमच्या लक्षात येईल की चोक ओढून ठेवून पंधरा-वीस किका मारल्या तर बिचाऱ्या इंजिनाची काय गत होत असेल. पेट्रोल इतके साठते की प्लगची टोके भिजून जातात आणि ठिणगीच पडत नाही. यालाच ‘गाडी फ्लड झाली’ म्हणतात. उपाय सोपा आहे. चावी बंद, पेट्रोलची तोटी बंद, चोक मोकळा, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला, अशा स्थितीत पाच-सहा किका मारून आतील ओलावा बाहेर घालवावा आणि थोडे थांबावे. हे थांबणेच लोकांना जड जाते.

पण त्याआधी डोळ्यांनी पाहण्याच्या गोष्टी पाहून घ्या. चावी लावली आहे ना? हँडलवरची इंजिन बंद करणारी लाल कळ दाबलेली नाही ना? तोटी उघडी आहे का, आणि टाकीत पेट्रोल आहे का? नव्या गाड्यांत बाजूचे स्टँड खाली असले तरी गिअरमध्ये इंजिन सुरू होत नाही. हसू नका, मेकॅनिकच्या दारापर्यंत ढकलत नेलेल्या कितीतरी गाड्या तिथे नुसती कळ फिरवल्यावर सुरू होतात.

टाकीचे झाकण हाही एक गमतीचा भाग आहे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात येते. दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते, हे घरी सर्वांनी पाहिलेले असते. टाकीच्या झाकणात असेच हवेसाठी बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की पेट्रोल खाली गेल्यावर टाकीत हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरील हवा पेट्रोलला खाली येऊ देत नाही. गाडी दोन-तीन किलोमीटर चालून बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. झाकण उघडताना ‘सुस्स’ असा हवा आत शिरण्याचा आवाज आला तर चोर सापडला म्हणून समजा.

आता प्लग. इंजिन पूर्ण थंड असताना प्लग काढून पाहिला तर तो पुष्कळ काही सांगतो. किका मारूनही कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोल पोचत नाही. तोटी, नळी, कार्ब्युरेटर पाहावा. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल येते आहे, ठिणगीवर संशय घ्यावा. टोकांवर फिकट तपकिरी रंग असणे चांगले. काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त.

ठिणगी पाहण्याच्या कामी मात्र थट्टा चालत नाही, आणि ते मोठ्या माणसानेच करावे. प्लग काढून, त्याच भोकाजवळ धरून ठिणगी पाहण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती धोक्याची आहे. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. उणे ४० अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही ही वाफ ठिणगीने पेटू शकते. शिवाय ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने उडून न जाता जमिनीलगत पसरते. म्हणून मूळ प्लग जागेवरच घट्ट राहू द्यावा, दुसरा चांगला प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवावे आणि मग किक मारावी. हाताने धरू नये. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी इग्निशन कॉइल तो दाब दहा हजार व्होल्टच्या वर नेते. निळसर, कडकडीत ठिणगी दिसली तर तो भाग ठीक.

आणखी एक सूचना, हीही जिवाशी गाठ असल्यामुळे. बंद गॅरेजमध्ये किंवा जिन्याखालच्या खोलीत इंजिन चालू ठेवून पाहू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. गाडी आधी उघड्यावर आणा.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांनंतर आपल्याकडील बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटर गेला आणि पेट्रोल पंपाने फवारले जाऊ लागले. तिथे चोक नाही. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-एक सेकंद ‘घूं’ असा पंपाचा आवाज येतो की नाही, हे ऐकावे. आवाज नाही तर फ्यूज किंवा बॅटरी पाहावी.

गाडी सुरू झाली, पण पुढे जाईना, तर प्रश्न क्लचचा. क्लचमध्ये घर्षणाच्या चकत्या आणि पोलादी चकत्या एकाआड एक रचून स्प्रिंगांनी दाबलेल्या असतात. इतक्या चकत्या कशाला? पाठ्यपुस्तकात तुम्ही वाचले आहे की घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. मग? एक प्रयोग करा. कागदाच्या दोन पट्ट्या मित्राला धरायला सांगा, मध्ये तुमची एक पट्टी सरकवा, वर जाड शब्दकोश ठेवा आणि ओढा. आता मित्राच्या चार पट्ट्यांमध्ये तुमच्या तीन पट्ट्या एकाआड एक घालून, वर तोच कोश ठेवून ओढा. वजन तेच, पण घासणारे पृष्ठभाग दोनाचे सहा झाले. जोर सुमारे तिप्पट लागेल. त्याच स्प्रिंगांत अधिक पकड मिळवण्याची ही युक्ती आहे.

अॅक्सिलरेटर पिळल्यावर इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, चढावर जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरतो आहे. हँडलवरचा क्लचचा दांडा हलवून पाहा. टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर सैल खेळ हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चकत्या झिजतात तसतसा हा खेळ कमी होत जातो, आणि तो शून्य झाला की दांडा न दाबताही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. केबलवरचा फिरकीचा नट फिरवून खेळ परत आणता येतो. सायकलच्या ब्रेकची केबल ज्याने नीट केली आहे, त्याला हे जमेल.

उलट, दांडा पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते, न्यूट्रल सापडत नाही, तर खेळ फार आहे किंवा केबलच्या तारा तुटत आल्या आहेत. तेलही पाहा. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. मोटारीसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, ती इथे घातक. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण असावी. खेळ बरोबर, तेल बरोबर, तरीही क्लच घसरतो, तर चकत्या झिजल्या आहेत; त्या बदलण्याचे काम मेकॅनिककडे द्यावे, पण जुन्या चकत्या मागून घ्याव्यात. नवी आणि जुनी शेजारी ठेवून जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपर शाळेच्या प्रयोगशाळेत असतोच.