रंग गेला, विष राहिलें

बुरशीनाशक औषध पोटांत गेल्यास काय होतें, हें आपण इराक देशावरून शिकूं. सन १९७१-७२ मध्यें तेथें पाऱ्याचें बुरशीनाशक लाविलेलें गव्हाचें बियाणें पेरणीकरितां आलें. गोणीवरील इशारा परक्या भाषेंत होता. कित्येकांनीं लाल रंग धुऊन त्या गव्हाच्या भाकरी केल्या. रंग गेला, विष राहिलें. बाधा कांहीं आठवड्यांनीं दिसली. ६,५३० जण इस्पितळांत गेले. त्यांपैकीं ४५९ मरण पावले.

मुलुंड-बोरिवलीकडे परसांत भाजी लावणाऱ्या बंधुभगिनींसही आम्ही सुचवितों कीं, औषध लाविलेलें बीं धुऊनही खाऊं नये, गुराकोंबड्यांस घालूं नये. डब्यावरील लाल खूण म्हणजे अत्यंत विषारी. ज्यास वाचतां येत नाहीं, त्या शेजाऱ्यास आपण तो मजकूर वाचून दाखवावा.