चार्जिंग होईना : फोनची तक्रार इंग्रजीत सांगताना

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या बोरीत दुकानदारापुढे फोन ठेवायचा, "भाऊ, चार्जिंगच होईना" म्हणायचं, काम भागतं. पोरगं शिकायला बंगळूरला गेलं आणि तिथं फोन बिघडला, की अडतं. शब्दाला शब्द लावून "चार्जिंग इज नॉट कमिंग" म्हटलं, तर समोरच्याला नेमकं कळत नाही. खरं तर नीट इंग्रजी वाक्याची चावी आपल्या बोलीतच आहे.

आधी तक्रार मराठीत एका दमात सांगून बघा. त्यात "होईना", "लागेना" असं काही आलं, की इंग्रजीत "वोन्ट" घ्या. शाळेत तो भविष्यकाळ म्हणून शिकवतात, पण वस्तू ऐकेनाशी झाली की तोच शब्द वापरतात. चार्ज होईना : "इट वोन्ट चार्ज." चालू होईना : "इट वोन्ट टर्न ऑन."

मराठीत "सारखा" आलं, तर "कीप्स". सारखा बंद-चालू होतोय : "इट कीप्स रीस्टार्टिंग." सारखा हँग होतोय : "इट कीप्स फ्रीझिंग." "हँग" आपल्याकडं चालतं, परदेशात "फ्रीझ"च जास्त कानावर पडतं. बॅटरी लवकर उतरते, याला "द बॅटरी ड्रेन्स टू फास्ट". रेंज येत नाही, इथं "रेंज" शब्द सोडाच. "आय कान्ट गेट अ सिग्नल" म्हणा.

मग कधीपासून ते सांगा. सोमवारपासून : "इट्स बीन लाइक धिस सिन्स मंडे." तीन दिवस झाले : "फॉर थ्री डेज." ठरावीक वारापासून असेल तर "सिन्स", किती दिवस ते मोजायचं असेल तर "फॉर".

कारण सांगताना माणूस अडखळतो. आपण म्हणतो, फोन पडला. इंग्रजीत सहसा "आय ड्रॉप्ड इट" म्हणतात, म्हणजे मी पाडला. त्यात गुन्हा कबूल केल्यासारखं काही नसतं, बिनधास्त म्हणा. भिजला असेल तर "इट गॉट वेट" हेही सांगून टाका. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत पाणी लागलं की लाल होणारी खूण असते. लपवलं तरी कारागीर ती बघतोच, आणि आधी कळलं तर तो फोन चार्जिंगला लावायची चूक करत नाही.

आता काम सांगायचं. मराठीतलं "करून घेणं" म्हणजे इंग्रजीतलं "गेट". स्क्रीन बदलून घ्यायचीय : "आय नीड टू गेट द स्क्रीन रिप्लेस्ड." नुसतं बघून द्या म्हणायचं तर "कुड यू टेक अ लुक अ‍ॅट इट?" पुढं "हाऊ मच विल इट कॉस्ट?" आणि "हाऊ लाँग विल इट टेक?" खर्च अंगावर येऊ नये म्हणून एक वाक्य मात्र पाठच करा : "प्लीज कॉल मी बिफोर यू रिपेअर इट." दुरुस्तीला हात घालण्याआधी मला फोन करा.

फोन हातातून सोडण्याआधी फोटो-नंबर दुसरीकडं उतरवून ठेवा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. *#०६# दाबलं की फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, दिसतो. तो वहीत लिहा आणि पावतीवरच्या आकड्याशी तिथंच, काउंटरवर उभं राहून, ताडून बघा.