हॉटेलची तपासणी कोण करतं?

प्रश्न : आमच्या भागातल्या एका हॉटेलात काळंकुट्ट झालेलं तेल पुन्हा पुन्हा तापवून भजी तळतात. नगरपरिषदेकडे तक्रार केली, पण काही झालं नाही. दाद कुठे मागायची?
– एक वाचक, नांदगाव

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, फक्त दार चुकलं. कचरा आणि गटारं नगरपरिषदेकडे. पदार्थांची तपासणी मात्र राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि त्यासाठी नाशिकच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. रेल्वे स्टेशनच्या आवारातले स्टॉल रेल्वेच्या अखत्यारीत येतात.

तळणाच्या तेलाबाबत नियम स्पष्ट आहे. वारंवार तापवल्याने तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली, की ते तेल वापरता येत नाही. पण नुसत्या रंगावरून कारवाई टिकत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात, त्याचे चार भाग करून सील करतात आणि एक भाग अन्न विश्लेषकाकडे पाठवतात. अहवाल 14 दिवसांत येणं अपेक्षित असतं. अस्वच्छ जागेत अन्न तयार केल्याबद्दल 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

फारशी माहीत नसलेली एक तरतूद सांगतो. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 40 नुसार फी भरून ग्राहकही नमुना तपासून घेऊ शकतो.

तक्रारीत दिवस, वेळ, पदार्थ आणि बिलावरचा 14 अंकी परवाना क्रमांक लिहा. तोंडी सांगून थांबू नका, अर्जाची पोच घ्याच.