कोंड्याचे मोल

इ. स. १८८२ च्या डिसेंबर महिन्यात जपानी आरमाराचे 'ऱ्यूजो' नावाचे शिकाऊ जहाज लांबच्या सफरीवर निघाले. न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका, हवाई बेटे असा सुमारे नऊ महिन्यांचा प्रवास होता. जहाजावर ३७६ माणसे होती. बहुतेक सारी तरुण आणि धडधाकट. पण काही महिने लोटतात न लोटतात तोच एकेकाचे पाय जड पडू लागले. पायांवर सूज येई, चालताना तोल जाई, छाती धडधडे. सफर संपेपर्यंत १६९ जण आजारी पडले आणि २५ जणांनी प्राण सोडले. वादळ नाही, लढाई नाही. शत्रूचा एक गोळाही त्या जहाजावर पडला नव्हता!

या रोगाला बेरीबेरी म्हणतात. त्याची एक गोष्ट मोठी चमत्कारिक होती. जाडेभरडे धान्य खाणाऱ्या गरीब खेडुतांपेक्षा पांढराशुभ्र भात खाणाऱ्या शहरवासीयांनाच तो अधिक गाठी. आरमारात भरती झालेल्या तरुणाला तसा भात पोटभर मिळे, आणि त्यातच त्याला धन्यता वाटे. कालवणासाठी निराळे पैसे मिळत. ते वाचवून पुष्कळजण घरी धाडीत.

ताकाकी कानेहिरो हे आरमाराचे डॉक्टर होते. १८७५ ते १८८० ही पाच वर्षे त्यांनी लंडनमध्ये वैद्यक शिकण्यात घालवली होती. युरोपातील खलाशांना हा रोग होत नाही, हे त्यांनी हेरले होते. दोष अन्नातच असला पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १८८४ साली त्यांच्या आग्रहावरून 'त्सुकुबा' हे दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवण्यात आले. त्यावर भात कमी करून मांस, पाव, दूध, भाज्या आणि जव असा शिधा दिला होता. या खेपेस ३३३ माणसांपैकी वीसजणही आजारी पडले नाहीत आणि बेरीबेरीने एकही दगावला नाही.

येथे गोष्ट संपावयास हवी होती. पण खरी अडचण पुढेच होती. प्राण वाचवणारा तो पाव खलाशांना मुळीच रुचेना. कित्येकांनी तो गुपचूप समुद्रात फेकून दिला, असे सांगतात. जन्मभर भात खाल्लेल्या माणसाला एकाएकी भात तोडून पाव चघळायला सांगितले, तर तो दुसरे काय करणार? ताकाकींनी हट्ट धरला नाही. १८८५ पासून पावाऐवजी तांदळातच जव मिसळून देण्यात येऊ लागले. भात भातच राहिला, आणि बेरीबेरी आरमारातून जवळजवळ नाहीशी झाली. लष्कराच्या डॉक्टरांनी मात्र ही गोष्ट मनावर घेतली नाही. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात त्यांचे हजारो सैनिक या रोगाने मेले.

गंमत अशी, की ताकाकींचा उपाय बरोबर असला, तरी कारण त्यांना नीट उमगले नव्हते. ते उमगण्यास कोंबड्या कारण झाल्या. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांनी पाळलेल्या कोंबड्यांचे पाय असेच लुळे पडले. त्यांना रुग्णालयातील पांढरा शिळा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. सरकारी भात कोंबड्यांना कशाला, असे म्हणून त्याने तो बंद केला. त्या बिनसडीचा तांदूळ खाऊ लागल्या आणि बऱ्याही झाल्या! तांदळावरच्या तांबूस कोंड्यात आणि टोकाशी असलेल्या अंकुरात 'ब-१' नावाचे जीवनसत्त्व असते. तांदूळ सडून पांढरा करताना नेमके तेच आपण दूर टाकतो. या शोधाबद्दल आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

कोंकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात. भात भिजवून, उकडून, वाळवून मग सडला, की कोंड्यातील बरेचसे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते. ही रीत शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीची आहे.

तुमच्या घरी पांढराच भात होत असेल, तर उद्यापासून तो बंद करा, असे आईला सांगू नका. बहुधा तुम्हीच तिसऱ्या दिवशी ताट सारून उठाल. चार वाट्या तांदळातील एक वाटी हातसडीची असू द्या. तो उशिरा शिजतो, म्हणून आधी वेगळा भिजत घालावा आणि पाणी थोडे अधिक ठेवावे. पंधरा दिवसांनी दोन वाट्या करून पाहाव्या. पोळीच्या ताटात आठवड्यातून दोनदा ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी येऊ द्यावी. कोंड्याचा चोथा पचवण्यास आतड्यांनाही सवय लागते. एकदम पुष्कळ खाल्ला तर पोट फुगते, आणि मग बिचाऱ्या धान्यालाच दोष मिळतो. पाणी मात्र भरपूर प्यावे. हातसडीचा तांदूळ वर्षाचा भरून ठेवू नये. कोंड्यात तेल असते, त्यामुळे तो लवकर खवट होतो. महिन्यापुरता आणावा, आणि डब्याचे झाकण घट्ट लावावे.