आई-बाबा, आल्प्स आणि जूनचे तीन आठवडे

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये बरीच वर्षं राहिलेल्या वर्ध्याकडच्या कुटुंबांना विचारून हे टिपण तयार केलं आहे. नव्यानं आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका फेरीत किती देश होतील?" जुनी मंडळी उलट विचारतात, "जाणार कोणत्या महिन्यात? आणि सोबत कोण?"

वर्ध्यात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, म्हणून आई-बाबांना त्याच महिन्यात बोलावून घ्यायचं ठरतं. उन्हातून त्यांची सुटका होते, पण आल्प्सचे उंच घाट तेव्हा अजून बर्फाखाली असतात. इटलीतला स्टेल्व्हिओ (२,७५७ मीटर) मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये उघडतो. स्वित्झर्लंडचे फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन बहुधा जून उजाडल्यावरच. ऑस्ट्रियातला ग्रॉसग्लॉकनरचा रस्ता तेवढा मेच्या सुरुवातीला खुला होतो, तोही बर्फ जास्त असेल तर उशिरा. दुसऱ्या टोकाला आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात. भाऊ-वहिनी मुलांना घेऊन येणार असतील तर हाती उरतात जूनचे पहिले तीन आठवडे. त्यातही पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी कधी आहे ते पाहा. ती दरवर्षी सरकते, कधी मेच्या मध्यात, कधी जूनमध्ये. त्या दिवसांत ब्रेनर घाटात आणि गोटहार्डच्या बोगद्यापाशी गाड्यांच्या अशा रांगा लागतात की डोंगर बघून बघून कंटाळा यावा.

वर्धा जिल्हा बव्हंशी सपाट. आपल्या माणसानं घाट पाहिलेला असतो तो चिखलदऱ्याचा. समृद्धी महामार्गावर ताशी १२० नं गाडी हाणली म्हणून डोंगरात गाडी जमते असं नाही, उलट तिथली सवय इथं नडते. समृद्धीवर दीडशे किलोमीटर म्हणजे सव्वा तास. इटलीतल्या डोलोमाइट डोंगरात तेवढ्याच अंतरात अर्धा दिवस जातो, आणि मागच्या सीटवरच्या आईला मळमळतं ते वेगळंच. म्हणून मुक्काम कमी ठेवा, पण प्रत्येक ठिकाणी दोन-तीन रात्री राहा. म्युनिकहून निघणाऱ्यांसाठी जुन्यांची आवडती वाट अशी: त्सेल आम झे, ग्रॉसग्लॉकनर, स्लोव्हेनियातलं क्रान्स्का गोरा, कोर्तिना, बोल्झानो आणि ब्रेनरवरून परत. तीन देश पुरे. स्वित्झर्लंड पुढच्या वर्षी.

या वाटेवरचा व्रशिच घाट चुकवू नका. उंची जेमतेम १,६११ मीटर, पण वळणं पन्नास. प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक आणि उंची लिहिलेली पाटी असते, त्यामुळे मुलं मोजत बसतात आणि भांडत नाहीत. क्रान्स्का गोराच्या बाजूच्या वळणांवर दगडी फरशी आहे, पावसात ती निसरडी होते. पहिल्या महायुद्धात हा रस्ता ऑस्ट्रिया-हंगेरीनं रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यातले कितीतरी जण गाडले गेले. आठव्या वळणापाशी त्यांच्या आठवणीतलं लाकडी प्रार्थनाघर आहे. तिथं थांबा. इंजिनालाही तेवढीच विश्रांती.

उतरताना दुसऱ्या गियरमध्ये उतरा. पाय सतत ब्रेकवर ठेवला की खाली पोचेपर्यंत जळका वास येतो, आणि तो आला की मुकाट्यानं बाजूला घेऊन अर्धा तास थांबायचं. चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आपल्याकडेही आहेच, फक्त इथं तो पाळतात. स्वित्झर्लंडच्या घाटात पिवळी पोस्टबस समोर आली तर तिचा चालक हातानं सांगेल तसं करा. वळणाआधी तिचा तीन सुरांचा हॉर्न ऐकू येतो. मोटारवेवर गाड्या खोळंबल्या तर जर्मनी-ऑस्ट्रियात सगळ्यात डावी रांग डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात, मध्ये रुग्णवाहिकेला वाट राहते. हे खोळंबा सुरू होतानाच करायचं, सायरन ऐकू आल्यावर नाही.

टोलचं गणित प्रत्येक देशात निराळं. जर्मनीत मोटारीला टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात थोड्या दिवसांचा विन्येट, म्हणजे मोटारवेचा पास, मिळतो, हल्ली घरबसल्या नंबरप्लेटवर नोंदवता येतो. मात्र ऑस्ट्रियात ब्रेनर आणि टाउएर्नच्या मोटारवेचे पैसे वेगळे पडतात. स्वित्झर्लंडमध्ये विन्येट वर्षाचाच घ्यावा लागतो, ४० फ्रँक, मग तुम्ही एक तास जा की वर्षभर. गोटहार्डचा १६.९ किलोमीटरचा बोगदा त्यातच आला. इटलीत मोटारवेवर शिरताना तिकीट घ्यायचं आणि उतरताना पैसे भरायचे. 'टेलेपास' लिहिलेली पिवळी रांग टोलयंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते, तिच्यात चुकूनही घुसू नका. इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि वर कॅमेरे. दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं, भाड्याच्या गाडीचं असेल तर कंपनीचा वरखर्च लावून. टोल किंवा खोळंबा टाळायला नकाशावरच्या आडवाटेनं जाणंही ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये महागात पडू शकतं. सुट्ट्यांच्या हंगामात शनिवार-रविवारी बऱ्याच वाटा नुसत्या पुढं निघून जाणाऱ्यांना बंद करतात आणि पोलीस परत पाठवतात.

बाबांना गाडी चालवायची हौस असतेच. त्यांच्या लायसन्सवरचा आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी वर्ध्याच्या आरटीओतून काढून घ्यावा लागतो, इथून तो मिळत नाही. आणि तो मूळ लायसन्ससोबतच चालतो. तुम्ही स्वतः जर्मनीत राहायला आला असाल तर भारतीय लायसन्सवर फक्त सहा महिने गाडी चालवता येते, पुढं लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा. भाड्याच्या करारात प्रत्येक चालकाचं नाव आणि कोणकोणत्या देशांत गाडी नेणार ते लिहून घ्या, नाहीतर विमा कामाचा नाही. आमचं मत विचाराल तर बाबांना पुढच्या सीटवर बसवून घाट बघू द्या. उजव्या बाजूनं चालवणं आणि घाट, दोन्ही एकदम नको.

शेंगेन व्हिसा या सगळ्या देशांत चालतो, म्हणून पासपोर्ट घरी ठेवून निघू नका. सीमांवर अधूनमधून तपासणी होते आणि झेरॉक्स कोणी मानत नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे जर्मन सिमवरचं इंटरनेट तिथं अचानक महाग होऊ शकतं. आई-बाबांच्या रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, म्हणजे घटकाचं, लिहून घ्यायला सांगा. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी लिहिलेलं कंपनीचं नाव इथल्या औषधवाल्याला उमगणार नाही. ग्रॉसग्लॉकनरवरचं एडेलवाइसस्पिट्झ २,५७१ मीटरवर आहे. हृदयाचा त्रास असेल तर तिथं जाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एका कुटुंबानं सुचवलेला थांबा आम्हाला फार आवडला. जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाला व्हिलनव्ह नावाचं गाव आहे. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी तिथं फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडे काही दिवस राहिले. त्याआधी मॅडेलिन स्लेड या इंग्रज तरुणीला गांधीजींविषयी रोलाँनीच सांगितलं होतं. तीच पुढं मीराबहन झाली आणि गांधीजींच्या आधी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, येऊन राहिली. जिनिव्हाकडे राहणाऱ्यांना सेंट बर्नार्ड किंवा सिम्प्लॉनकडे जाताना हे गाव वाटेतच लागतं. शियाँचा किल्लाही शेजारीच आहे.

राहिलं जेवण. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घ्या, छोटा राइस कुकर सोबत ठेवा. वर्ध्याहून येणाऱ्या बॅगेत गोरसपाक बिस्किटं असणारच. बिस्किटं आणायला आडकाठी नाही, पण तूप, खवा, पनीर भारतातून आणायला बंदी आहे, ते आईला आधीच सांगून ठेवा. गाडीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा पुरतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद असतात. दूध, दही, भाजी शनिवारी संध्याकाळच्या आत घेऊन टाका, आणि रविवारचा मुक्काम शक्यतो इटलीत पडेल असं बघा.